इंग्रजी तुम्ही सुधारा, दावा लेखकाचाच राहू द्या

तुमचा प्रश्न मला असा समजला: इंग्रजी व्याकरण तुम्ही अनेक वर्षं शिकवलं आहे. संशोधक, विद्यार्थी आणि विज्ञानाची आवड असलेले लोक जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात, अशा एका ऑनलाइन समूहात तुम्ही अलीकडे सामील झालात. तिथले विचार चांगले असतात, पण इंग्रजी अडखळतं, म्हणून मदत करावीशी वाटते. शंका दोन आहेत. चुका दाखवल्या तर लोक दुखावतील का? आणि विज्ञानाची पदवी नसताना त्यांच्या लेखनाला हात लावावा का?

पहिल्या शंकेचं उत्तर छोटं आहे. कुणी मागितल्याशिवाय चारचौघांत त्याचं व्याकरण सुधारू नका. एखाद्याने प्रयोगातली अडचण मांडली आणि त्याखाली पहिलं उत्तर क्रियापदाच्या चुकीबद्दल आलं, तर तो पुन्हा प्रश्न विचारायला धजावणार नाही. ते वाचणारे आणखी काही जणही गप्प बसतील. अर्थच लागत नसेल तर अर्थ विचारा: 'तापमान वाढवल्यावर उत्पादन घटलं, असं म्हणायचंय का?' एवढं पुरतं, व्याकरणाचं नावही काढावं लागत नाही. मदत हवी का, हे वेगळं, खासगीत विचारावं आणि 'नको' आलं तर विषय तिथेच सोडावा.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. मी बराच काळ संशोधकांचे पेपर, प्रबंध आणि अनुदानाचे अर्ज भाषेच्या अंगाने तपासते आहे. पदवी नसणं ही अडचण नाही, असं माझं ठाम मत आहे. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. व्याकरण नीट करता करता वाक्याचा दावा बदलतो. वाक्य सुरेख होतं आणि लेखकाने जे पाहिलंच नाही ते त्याच्या नावावर छापून येतं. हे टाळता येत असेल तर तुम्ही जरूर मदत करा, कारण गरज खरी आहे. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-संशोधकांकडून माहिती घेऊन २०२३ साली 'प्लॉस बायॉलॉजी'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचे पेपर भाषेच्या कारणावरून नाकारले जाण्याचं प्रमाण मातृभाषकांच्या सुमारे अडीचपट निघालं, आणि 'इंग्रजी सुधारून आणा' असं सांगितलं जाण्याचं प्रमाण सुमारे साडेबारापट. ज्यांच्या ओळखीत चांगलं इंग्रजी लिहिणारं कुणी नाही, त्यांना हा भार एकट्यानेच उचलावा लागतो. तुमच्यासारख्यांची मदत त्यांनाच सर्वांत जास्त लागते.

आता दावा बदलतो म्हणजे काय, ते बघू. सुरुवात सगळ्यात किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीने करते, ती म्हणजे 'द'. 'पेशंट्स विथ डायबिटीस' आणि 'द पेशंट्स विथ डायबिटीस' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं मधुमेही रुग्णांबद्दल सरसकट बोलतं, दुसरं बहुतेक वेळा याच अभ्यासात घेतलेल्या रुग्णांबद्दल. मराठी, हिंदी, रशियन, जपानी, चिनी या भाषांत इंग्रजीसारखं आर्टिकल नाही. त्यामुळे या भाषांतून आलेला लेखक 'द' कधी गाळतो, तर कधी भीतीपोटी सगळीकडे पेरतो. तुम्हाला ती व्याकरणाची चूक दिसेल आणि हात शिवशिवेल. पण दुरुस्त करण्याआधी लेखकाला विचारायला हवं: हे तुम्ही तपासलेल्या रुग्णांपुरतं म्हणताय, की सगळ्या मधुमेहींबद्दल? याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. अनेकदा या प्रश्नाने लेखकच थांबून विचार करतो, आणि मग वाक्याच्या भाषेबरोबर त्याचा आवाकाही नीट होतो.

काळाचंही तसंच आहे. 'इनहिबिटेड' (रोखलं) लिहिलं तर ते आपल्या प्रयोगात काय घडलं याचं निवेदन झालं. 'इनहिबिट्स' (रोखतं) लिहिलं की तो नियम झाला, नेहमीच असं घडतं असा. म्हणूनच पेपरच्या मेथड्स (पद्धती) आणि रिझल्ट्स (निकाल) या भागांत भूतकाळ आणि सर्वमान्य ज्ञान सांगताना वर्तमानकाळ, अशी रूढी आहे. एकाच परिच्छेदात दोन्ही काळ आले की शिक्षकाच्या सवयीने सगळं एका काळात आणावंसं वाटतं. तसं करू नका. काळ मुद्दाम बदललाय की चुकून, ते आधी बघा.

सगळ्यात जास्त जपायचे ते जपून बोलणारे शब्द. माइट, मे, सजेस्ट, इंडिकेट, शो, प्रूव्ह या शब्दांत खात्री पायरीपायरीने वाढत जाते, आणि संशोधक आपल्या पुराव्याच्या ताकदीप्रमाणे पायरी निवडतो. चांगल्या गद्याची सवय असलेल्या माणसाला 'मे' आणि 'सजेस्ट' वारंवार आले की लेखन ढिलं वाटतं आणि ते घट्ट करण्याचा मोह होतो. माझ्याकडे दुसऱ्या फेरीत आलेल्या एका पेपरमध्ये लेखिकेने मूळ मसुद्यात 'वॉज असोसिएटेड विथ' असं लिहिलं होतं. आधी तपासणाऱ्याने वाक्य जिवंत व्हावं म्हणून त्याचं 'लेड टू' केलं. जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने, म्हणजे रिव्ह्यूअरने, विचारलं, कार्यकारणभावाचा पुरावा कुठे आहे? पुरावा नव्हताच, कारण तिने तसा दावाच केला नव्हता. दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसणं आणि एकीमुळे दुसरी घडणं यातलं अंतर विज्ञानात फार मोठं असतं. 'मे पॉसिबली सजेस्ट' अशी तिहेरी सावधगिरी मात्र जरूर कमी करावी, पण कोणता शब्द ठेवायचा हे लेखकाने ठरवावं.

'सिग्निफिकंट' या शब्दाला तर परवानगीशिवाय हातच लावू नका. रोजच्या इंग्रजीत तो 'मोठा, महत्त्वाचा' अशा अर्थाने चालतो. पेपरमध्ये मात्र त्याच्यामागे संख्याशास्त्रीय चाचणी उभी असते. त्याच्या जागी 'कन्सिडरेबल' घातलं तर चाचणीचा निकाल नाहीसा होतो. उलट लेखकाने नुसतं 'खूप' या अर्थाने तो वापरला असेल तर चाचणी केली होती का, असं विचारा. याच कुटुंबातली आणखी एक जागा म्हणजे 'नो सिग्निफिकंट डिफरन्स वॉज फाउंड'. याचं कुणी आटोपशीरपणे 'द टू ग्रुप्स वेअर द सेम' केलं तर अर्थाचा अनर्थ होतो. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच, असं सिद्ध होत नाही. नमुना लहान असला तर खराखुरा फरकही निसटू शकतो.

शाळेत आपण शिकवतो की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. वैज्ञानिक लेखनात याच्या उलट करायचं असतं. पहिल्या ओळीत 'सॅम्पल' आणि तिसऱ्या ओळीत 'स्पेसिमेन' आलं की वाचणाऱ्याला वाटतं, या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. एका गोष्टीला एकच नाव, शेवटपर्यंत. याचं टोकाचं उदाहरण २०२१ साली गिओम काबानाक, सिरिल लाब्बे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी उजेडात आणलं. छापून आलेल्या पेपरांत त्यांना 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल' असले शब्दप्रयोग सापडले. उचललेला मजकूर ओळखू येऊ नये म्हणून यंत्राकडून शब्द बदलून घेतल्याची ती खूण मानली जाते. तुमचा हेतू अर्थातच तसा नाही. पण दोन-तीन शब्द मिळून एक संज्ञा झाली आहे हे ज्याला माहीत नसतं, त्याच्या हातून ती अशीच मोडते. म्हणून एखादा शब्दप्रयोग विचित्र वाटला तर तो अवतरणचिन्हांत जसाच्या तसा शोधून पाहा. त्या शाखेतल्या वेगवेगळ्या लेखकांच्या अलीकडच्या पेपरांत तो दिसला तर ती संज्ञा आहे, सोडून द्या. नाही दिसला तर लेखकाला विचारा.

स्पेलिंग तपासणाऱ्या किंवा मजकूर आपोआप बदलणाऱ्या साधनांवरही इथे भिस्त ठेवता येत नाही. एक्सेल 'सेप्ट १' यासारखी जनुकांची नावं तारखा समजून बदलत असे. हा गोंधळ इतका वाढला की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या एचजीएनसी या समितीने अशी काही नावंच बदलली आणि २०२० साली त्याबाबतचे नियम प्रसिद्ध केले. 'सेप्ट १'चं 'सेप्टिन १' झालं. कॅपिटल आणि लहान अक्षरांतही अर्थ भरलेला असतो. मानवी जनुकाचं चिन्ह सगळं कॅपिटलमध्ये, उंदराच्या जनुकाचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. जनुक तिरप्या अक्षरांत, त्यापासून बनणारं प्रथिन सरळ अक्षरांत. जीवजातीच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द कॅपिटलने सुरू होतो, दुसरा कधीच नाही. एककांमध्ये लहान एमचा अर्थ मीटर किंवा मिली, कॅपिटल एमचा मोलर किंवा मेगा. 'वाक्यात मधेच कॅपिटल कशाला' असं वाटून केलेल्या एका बदलाने द्रावणाची तीव्रता बदलू शकते.

हे सगळं वाचून काही करायला उरलंच नाही असं वाटेल, पण तसं नाही. सगळ्यात मोठा फायदा होतो तो वाक्यरचनेत, आणि तिथे तुमचं ज्ञान पूर्ण कामी येतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सगळा तपशील आधी मांडून मग क्रिया सांगायची आपल्याला सवय असते. तीच घडण इंग्रजीत उतरते: कर्ता पहिल्या ओळीत, क्रियापद तिसऱ्या ओळीत, मधे चार अटी आणि दोन कंस. इंग्रजी वाचणारा क्रियापद सापडेपर्यंत श्वास रोखून असतो. क्रियापद कर्त्याजवळ आणा, अटींचं वेगळं वाक्य करा, दावा जसाच्या तसा राहतो आणि वाचणं सोपं होतं. वाक्याच्या सुरुवातीला ओळखीची माहिती आणि शेवटाला नवी, महत्त्वाची माहिती असली की इंग्रजी वाचक सहज पुढे सरकतो. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वॉन यांनी १९९० मध्ये 'अमेरिकन सायंटिस्ट'मधल्या लेखात हे तत्त्व फार चांगलं उलगडून दाखवलं आहे, आणि मला ते रोज उपयोगी पडतं. एकट्या 'धिस'ने सुरू होणारी वाक्यंही शोधा. 'धिस शोज' म्हणजे नेमकं काय दाखवतं? आलेख, घट, की अपवाद? पुढे एक नाम जोडायला सांगा.

'यूजिंग अ मायक्रोस्कोप, द सेल्स वेअर एक्झामिन्ड' या वाक्यात पेशीच सूक्ष्मदर्शक वापरताहेत असं होतं. असं काही बिनधास्त दुरुस्त करा. 'इन्फर्मेशन्स', 'इक्विपमेंट्स', 'डिस्कस अबाउट' यांनाही विचारायची गरज नाही. 'वुई' लिहायचं नसतं असं अनेक विद्यार्थ्यांना शिकवलेलं असतं. त्यांना सांगा की वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ सालचा पेपर याच शब्दाने सुरू होतो. मात्र मेथड्समध्ये द्रावण कुणी ओतलं याला महत्त्व नसतं, तिथे कर्मणी प्रयोगच बरा.

माझी कामाची पद्धत अशी. आधी फक्त पेपरचा सारांश, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागवते. सोबत कोणत्या जर्नलसाठी लिहिलाय, स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, आणि सहलेखकांनी हा मसुदा पाहिलाय का, हे विचारते. मग एक विनंती करते: तुम्हाला असं काय सापडलं जे आधी माहीत नव्हतं, ते दोन वाक्यांत सांगा. इंग्रजीतच हवं असं नाही, मराठीत बोलून पाठवलं तरी चालेल. ही दोन वाक्यं जवळजवळ नेहमी मूळ अ‍ॅब्स्ट्रॅक्टपेक्षा स्पष्ट असतात. मग मी ती अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये शोधते. पुष्कळदा ती तिथे नसतातच, किंवा पार्श्वभूमीच्या ढिगाखाली दबलेली असतात. त्या क्षणी कळतं की अडचण व्याकरणाची नव्हती. हे सांगितल्यावर लेखक स्वतःच मसुदा पुन्हा लिहितो, आणि दुसऱ्या खेपेला निम्म्या चुका आपोआप गेलेल्या असतात.

त्यानंतर संपूर्ण मजकूर एकदा हात न लावता वाचते. मग निर्विवाद चुका ट्रॅक चेंजेस (प्रत्येक बदल वेगळा दाखवणारी वर्डमधली सोय) चालू ठेवून दुरुस्त करते. जिथे अर्थ दोन प्रकारे लागतो तिथे मजकूर तसाच ठेवून समासात प्रश्न लिहिते आणि दोन्ही अर्थांची वाक्यं देते: 'अ म्हणायचं असेल तर हे, ब असेल तर ते.' लेखकाला निवड करणं सोपं जातं आणि पुढच्या वेळी कसं लिहायचं तेही कळतं. एकच चूक पुन्हा पुन्हा येत असेल तर कारण एकदाच समजावते, पुढे फक्त खूण करते. ट्रॅक चेंजेस बंद ठेवून 'स्वच्छ प्रत' देणं मी टाळते. आपलं काय बदललं हे लेखकाला दिसलं नाही, तर चुकीचा बदल त्याच्या नजरेतून निसटतो. लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीत लिहिणारे ओव्हरलीफ या ऑनलाइन संपादकावर असतील तर तिथेच टिप्पण्या देता येतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. सहकाऱ्याला पाठवायच्या ईमेलवर एवढा खल करायचा नसतो, अर्थ पोचला की झालं. पोस्टरवर कमीत कमी शब्द हवेत, त्यामुळे तिथे तुम्ही जास्त मोकळेपणाने कापू शकता. अनुदानाचा अर्ज वाचणारे नेहमीच त्याच उपशाखेतले नसतात, म्हणून 'मला हे कळलं नाही' असं तुम्ही म्हणणं तिथे मोलाचं ठरतं. प्रबंध असेल तर बाहेरच्या माणसाची भाषेत किती मदत चालते याचे संस्थेचे नियम असतात. विद्यार्थ्याला आधी मार्गदर्शकांना विचारायला सांगा. गुणांसाठी लिहिलेला निबंध किंवा असाइनमेंट मी तपासून देत नाही, फक्त चुकांचा प्रकार समजावते. मोबदला घ्यावा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ते पहिल्याच संवादात स्पष्ट करा.

मोबदला म्हणून लेखकांच्या यादीत नाव मात्र कधीही स्वीकारू नका. कृतज्ञतेपोटी लोक ते देऊ करतात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या, शिफारशींनुसार केवळ भाषा-संपादन किंवा मुद्रितशोधन केल्याने कुणी लेखक ठरत नाही. अशा मदतीचा उल्लेख ऋणनिर्देशात करायचा असतो, आणि तोही तुमच्या संमतीने. लेखक म्हणून नाव लागलं की संशोधनाच्या खरेपणाची जबाबदारीही येते, आणि ती तुम्ही घेऊ शकत नाही.

गुप्तता हा विषय अनेकांच्या लक्षात येत नाही. अप्रकाशित निष्कर्ष ही संशोधकाची सगळ्यात नाजूक ठेव असते. मसुदा समूहाच्या खुल्या पानावर मागवू नका, नमुना म्हणून त्यातलं वाक्य इतरांना दाखवू नका, काम झाल्यावर प्रत काढून टाका. याच कारणाने दुसऱ्याचा मसुदा त्याला न विचारता एआयच्या साधनात टाकू नका. अशी साधनं व्याकरण पटकन सुधारतात हे खरं आहे, आणि लेखकांनी ती स्वतः वापरली तर माझी हरकत नसते. पण वर सांगितलेले 'मे' आणि 'सजेस्ट' ती सहज पुसून टाकतात, आणि 'तुम्हाला अ म्हणायचंय की ब' हे न विचारताच एक अर्थ निवडून मोकळी होतात. आयसीएमजेईने २०२३ पासून अशा साधनांचा वापर जाहीर करायला सांगितलं आहे आणि साधनाला लेखक म्हणून नोंदवायला मनाई केली आहे. जर्नलनिहाय तपशील वेगळे असतात. तुमच्याकडे येणाऱ्या लेखकाला ज्या जर्नलला पाठवायचं आहे त्याचा नियम वाचायला सांगा.

समूहात मदत देऊ करताना मजकूर लहान आणि नेमका ठेवा. 'ज्यांना हवं असेल त्यांच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं इंग्रजी मी वाचून देईन. आठवड्यात एक घेते. बदल दिसतील असे करीन, शंका असेल तिथे विचारीन. विज्ञान बरोबर आहे का हे मी तपासू शकत नाही, आणि पेपर स्वीकारला जाईल अशी हमीही देऊ शकत नाही. मजकूर खासगीत पाठवा.' एवढं पुरे. संपूर्ण पेपर सुरुवातीलाच घेऊ नका. अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर लेखकाशी सूर जुळला तर पुढचं ठरवता येतं.

शक्य असेल तर सुरुवातीला एकाच शाखेतले मसुदे घ्या, म्हणजे त्यातल्या संज्ञा आणि वाक्प्रयोग कानावर बसतील. लेखकाने तुमचे कोणते बदल नाकारले आणि का, हे प्रत्येक वेळी विचारून लिहून ठेवा. त्या शाखेत काय चालतं आणि काय नाही, हे मला बहुतांशी अशा नाकारलेल्या दुरुस्त्यांतूनच कळत गेलं.